शीटफेड ऑफसेटवर रंग तपासायला न्यूरल नेटवर्क: कुठे लावावं, कसं शिकवावं, कुठे फसतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार रंगी, ४० इंची शीटफेड (सुट्या शीट एकेक करून छापणारं) मशीन आहे, त्यावर कार्टन आणि ब्रोशर अशी दोन्ही कामं चालतात. सध्या मशीनमन दर काही शीटनंतर एक शीट ओढून कंट्रोल पट्टी (कडेला छापलेले तपासणीचे रंगीत चौकोन) हातातल्या स्पेक्ट्रोडेन्सिटोमीटरने, म्हणजे रंग मोजणाऱ्या यंत्राने (पुढे नुसतं ‘स्पेक्ट्रो’), मोजतो. डिलिव्हरीच्या (छापलेल्या शीट जमतात त्या टोकाच्या) आधी कॅमेरा बसवून, ‘ओके’ आणि ‘रिजेक्ट’ शीटचे हजारो फोटो नेटवर्कला दाखवले, तर ते रंग तपासेल का? डेटा किती लागेल आणि कुठे घोळ होतो?

ओके-रिजेक्टचे फोटो दाखवण्याची पद्धत सोडून द्या. त्यातून डेमो छान होतो, पण तो कारखान्यात टिकत नाही. रंग मर्यादेत आहे की नाही, हे ठरायला आधी तो मोजावा लागतो, आणि मर्यादा ग्राहकागणिक बदलते. औषधाच्या कार्टनला शेड कार्डावरचे (ग्राहकाने मंजूर केलेल्या नमुन्यावरचे) लाइट, स्टँडर्ड आणि डार्क हे तीन तुकडे हाच कायदा असतो. ब्रोशरवाला आयएसओ १२६४७-२ हे ऑफसेट छपाईचं मानक म्हणतो, तर तिसऱ्याला फक्त मागच्या वेळच्या छपाईशी जुळवून हवं असतं. नेटवर्कला थेट पास-नापास शिकवलं की ही मर्यादा त्याच्या वजनांमध्ये (त्याने शिकलेल्या आकड्यांमध्ये) गाडली जाते. उद्या ग्राहकाने ३ ऐवजी २ डेल्टा ई (दोन रंगांतल्या फरकाचं माप) मागितला, तर सगळं पुन्हा शिकवायला बसावं लागेल. नेटवर्ककडून एल-ए-बी (उजळपणा, लाल-हिरवेपणा, पिवळे-निळेपणा) हे रंगाचे आकडे घ्या. पास-नापासचा निर्णय डेल्टा ईचं साधं सूत्र आणि ग्राहकाची मर्यादा देईल.

ऑफसेटवर नेटवर्कला देण्यासारखी कामं तीन आहेत: कॅमेऱ्याच्या आकड्यांवरून एल-ए-बी काढणं, इंक की (शीटच्या रुंदीवर जागोजागी शाई कमी-जास्त सोडणाऱ्या कळा) किती उघडायच्या आणि रंग पुढे कुठे सरकेल याचा अंदाज, आणि बिघाडाचं कारण सुचवणं. पहिलं सगळ्यात अवघड आहे आणि नेमकी सगळे तिथूनच सुरुवात करतात. माझा सल्ला विचाराल तर दुसऱ्यापासून सुरू करा. पण प्रश्न कॅमेऱ्याचा आहे, म्हणून आधी तेच.

कॅमेऱ्याला नेमकं काय दिसतं

कॅमेऱ्याच्या लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरची संवेदनशीलता माणसाच्या डोळ्यासारखी नसते. त्यामुळे डोळ्याला वेगळे दिसणारे दोन रंग कॅमेऱ्याला सारखे दिसू शकतात, आणि उलटही होतं. हरवलेली ही माहिती कितीही मोठं नेटवर्क परत आणू शकत नाही. तरीही हे काम जमतं, कारण चार ठरावीक शायांनी (सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी) छापलेल्या रंगांचे स्पेक्ट्रम स्वैर नसतात. ते एका अरुंद कुटुंबातले असतात आणि नेटवर्क तेवढंच कुटुंब शिकतं. म्हणूनच मॅजेंटाची कंपनी बदलली की कुटुंब बदलतं. मशीनमनला फरक जाणवत नाही, डेन्सिटीही (छापलेल्या शाईच्या गडदपणाचा आकडा) तीच येते, पण नेटवर्कचं उत्तर हळूच घसरलेलं असतं. स्पेशल शेडच्या शायांना हे आणखी लागू पडतं. या चार प्रोसेस रंगांवर शिकवलेलं नेटवर्क तयार नारिंगी शाईवर वापरू नका. प्रत्येक स्पेशल शेडसाठी वेगळं कॅलिब्रेशन लागतं. मेटॅलिक आणि फ्लोरोसेंट शाया या पद्धतीतून बाहेरच ठेवा.

दुसरी अडचण साध्या मोजणीची आहे. शाया चार आणि कॅमेऱ्याचे चॅनेल तीन. करडा रंग निव्वळ काळ्याने छापला किंवा सायन-मॅजेंटा-पिवळ्याच्या मिश्रणाने, कॅमेऱ्याला तो जवळपास एकच दिसतो. रंग किती चुकला हे कळेल, पण कोणत्या युनिटची (कोणत्या रंगाच्या छपाई-विभागाची) की फिरवायची हे कळणार नाही. यावर जुना आणि चांगला उपाय म्हणजे नजीकच्या अवरक्त प्रकाशाचा चौथा चॅनेल, ८५० नॅनोमीटरच्या आसपासचा. काळ्या शाईतला कार्बन हा प्रकाश शोषतो, तर सायन, मॅजेंटा आणि पिवळी शाई त्या पट्ट्यात जवळजवळ पारदर्शक असते. काळा एकटा उघडा पडतो. पांढऱ्या एलईडीत हा प्रकाश नसतो, त्यामुळे वेगळी एलईडी पट्टी लागते. भिंगाचा फोकसही या तरंगलांबीला थोडा सरकतो, तेवढं बसवतानाच तपासा.

तिसरी गोष्ट बिटांची. सॉलिड (पूर्ण भरून छापलेल्या) काळ्याची डेन्सिटी १.८ म्हणजे परावर्तन १.६ टक्के. ८ बिटांच्या कॅमेऱ्यात पूर्ण पांढरा २५५ धरला, तर हा काळा ४ वर येतो. डेन्सिटी १.७ झाली की ५ वर. म्हणजे ०.१० डेन्सिटीचा फरक, ज्यावर मशीनमन हातातलं काम सोडून धावेल, तो कॅमेऱ्यात एका पायरीचा. १२ बिटांत तेच आकडे ६५ आणि ८२ येतात. १२ बिट, रेषीय आकडे, गॅमा (उजेडाचे आकडे वाकवणारी दुरुस्ती) बंद, ऑटो व्हाइट बॅलन्स बंद, ऑटो गेन बंद. यातलं एक जरी चालू राहिलं, तर कॅमेरा स्वतःच रंग ‘सुधारत’ बसतो आणि जो फरक पकडायचा तोच पुसून टाकतो. नेटवर्क शिकत नाही अशी तक्रार आली की सगळ्यात आधी हीच चार बटणं बघावीत.

वेगाचा हिशेबही करून ठेवा. ताशी १२,००० शीट म्हणजे सेकंदाला ३.३ फेरे. सिलिंडरचा परीघ साधारण ८५० मिमी धरला, तर कागद सेकंदाला सुमारे २.८ मीटर पळतो. १,०२० मिमी रुंदीवर ४,०९६ पिक्सेलचा लाइन स्कॅन (एका वेळी एक ओळ वाचणारा) कॅमेरा लावला तर एक पिक्सेल पाव मिमीचा होतो, आणि तेवढ्यासाठी सेकंदाला ११,००० हून थोड्या जास्त ओळी वाचाव्या लागतात. एका ओळीला जेमतेम ८८ मायक्रोसेकंद मिळतात. म्हणून दिवे तगडे लागतात. पाव मिमीत इंचाला १७५ लाइनचा स्क्रीन (ठिपक्यांची जाळी) सुटा दिसत नाही. रंगाच्या सरासरीसाठी ते ठीकच, फक्त पिक्सेल आणि डॉट यांच्या मापांचा मेळ चुकून मोआरे (खोट्या पट्ट्यांची नक्षी) उमटू शकतो. एकेका पिक्सेलवर विसंबू नका. ५ मिमीच्या चौकोनात चारी बाजूंनी १ मिमी सोडून आतल्या १४४ पिक्सेलची सरासरी घेतली, की गोंगाट (आकड्यांतला भरकटपणा) सुमारे १२ पटीने कमी होतो.

प्रकाश कागदावर ४५ अंशांतून पडू द्या आणि कॅमेरा सरळ वरून बघू द्या, म्हणजे हातातल्या यंत्राची तीच रचना इथेही राहील. ओल्या शाईची चमक थेट भिंगात गेली तर सगळे गडद रंग फिके वाचले जातात. एलईडी गरम होताना तिचा उजेड आणि छटा दोन्ही बदलतात. सकाळी पहिला अर्धा तास दिवे नुसते जळू द्या. मशीनच्या रुंदीभर पांढऱ्या पट्टीचं वाचन घेऊन प्रत्येक पिक्सेलचा उजेड सारखा करून घ्या आणि प्रत्येक शीटवर कोऱ्या कागदाचा एक तुकडा संदर्भ म्हणून वाचत राहा. ग्रिपर मार्जिन (शीट पकडण्यासाठी सोडलेली कोरी कड) त्यासाठी पुरेसं असतं. आर्ट पेपरमधल्या ऑप्टिकल ब्राइटनरमुळे (अतिनील प्रकाशात चमकून कागद जास्त पांढरा दाखवणाऱ्या रसायनामुळे) आणखी एक गुंता होतो. तुमचं स्पेक्ट्रो एम१ पद्धतीने, म्हणजे अतिनील भागासह डी५० (प्रमाण दिवसाचा) प्रकाश धरून मोजतं. कॅमेऱ्याच्या एलईडीत अतिनील किरण जवळपास नसतातच. म्हणून कोऱ्या कागदाचे एल-ए-बी एकदा स्पेक्ट्रोने मोजून नेटवर्कला इनपुट म्हणून द्यायचे.

शिकवण्याचा डेटा

फक्त चांगल्या शीटवर शिकवणं ही या कामातली सगळ्यात सामान्य चूक आहे. नेटवर्कला ज्या चुका पकडायच्या आहेत, त्या मुद्दाम छापून घ्याव्या लागतात.

एक टेस्ट फॉर्म बनवा. त्यात सुमारे २०० चौकोन ठेवा: चारही सॉलिड, त्यांचे २५, ५०, ७५ टक्के टिंट, दोन-दोन आणि तीन-तीन रंगांची मिश्रणं, सायन-मॅजेंटा-पिवळ्याच्या ५०-४०-४० टक्क्यांचा करडा, त्वचेचे आणि ब्राउन रंग, आणि काळा मिसळलेले गडद रंग. चौकोनांच्या जागा शीटभर वाटेल तशा विखरून ठेवा आणि महत्त्वाचे चौकोन तीन-चार ठिकाणी परत छापा. सगळे निळे डावीकडे, सगळे लाल उजवीकडे असा नीटनेटका तक्ता केलात, तर नेटवर्क जागेवरून रंग ओळखायला शिकेल.

आता डेन्सिटी बदलायची. एकेक पायरी वेगळी छापायला फार कागद जातो. त्यापेक्षा की उतरत्या लावा: सायनच्या की डावीकडून उजवीकडे फिक्याकडून गडदकडे आणि मॅजेंटाच्या त्याच्या उलट. ४० इंची मशीनवर साधारण ३२ झोन (प्रत्येक कीचा एक पट्टा) असतात, त्यामुळे एकाच शीटवर नॉर्मलपेक्षा ०.२० कमी ते ०.२० जास्त अशी पूर्ण रेंज मिळते. व्हायब्रेटर (आडवे सरकणारे) रोलर शाई आडवी पसरवतात म्हणून उतार आपोआप गुळगुळीत होतो, जे आपल्याला हवंच आहे. अशा वेगवेगळ्या उतारांच्या ८ मांडण्या करा, त्यातली एक सरळ, नॉर्मल. प्रत्येक मांडणीत रंग स्थिरावल्यावर ३ शीट ओढा. आर्ट पेपर, मॅपलिथो (बिनकोटिंगचा कागद) आणि कार्टनचा बोर्ड असे तीन कागद घेतले तर ७२ शीट आणि १४,४०० वाचनं होतात. २० चौकोनांची पट्टी ओढून वाचणारं स्पेक्ट्रो असेल, तर एका शीटला पाच मिनिटं, सगळी मिळून सहा तासांची मोजणी. छपाईसह दोन दिवस धरा. एकेक चौकोन हाताने मोजायचं मनातही आणू नका. दुसऱ्या तासाला चौकोन चुकायला लागतात आणि चुकीचा डेटा नंतर शोधता येत नाही.

मोजण्याची वेळ पाळा. शाई वाळताना तिची वरची चमक जाते आणि डेन्सिटी उतरते. याला ड्राय-बॅक म्हणतात. कॅमेरा नेहमी ओली शीट बघणार. अर्धी वाचनं लगेच आणि अर्धी दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली, तर एकाच रंगाला नेटवर्कला दोन उत्तरं मिळतात आणि ते दोघांच्या मधलं उत्तर देऊ लागतं. सगळी वाचनं शीट निघाल्यापासून पाच ते दहा मिनिटांत घ्या. त्यातली १० शीट दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून ओल्या-सुक्यातला फरक वेगळा काढा. यूव्ही (अतिनील प्रकाशाने वाळणाऱ्या) शाईला हा त्रास बराच कमी. लॅमिनेशन किंवा वार्निश होणार असेल, तर त्यामुळे बदलणारा रंगही असाच वेगळा काढावा लागतो. तो नेटवर्कच्या गळ्यात बांधू नका.

बॅकिंगही (मोजताना शीटखाली ठेवलेला थर) एकच हवं. पातळ कागदाखाली काळं आणि पांढरं बॅकिंग ठेवून मोजलेले आकडे वेगळे येतात. आयएसओ १२६४७-२ च्या २०१३ च्या आवृत्तीत कोटेड कागदावर पांढऱ्या बॅकिंगने सायनचं लक्ष्य ५६, −३६, −५१ आहे, मॅजेंटाचं ४८, ७५, −४ आणि पिवळ्याचं ८९, −४, ९३. ओके (मंजूर झालेल्या) शीटवरच्या सॉलिडला जुन्या सूत्राने ५ डेल्टा ईची सूट आहे. हे आकडे बॅकिंगसकटच खरे असतात, हे विसरून मशीनमनशी वाद घालणारे कमी नाहीत.

नेटवर्क किती मोठं

फार छोटं. इनपुट: चार चॅनेल, प्रत्येक कोऱ्या कागदाच्या वाचनाने भागून त्याचा लॉग घेतलेला. लॉग घेतला की ती कॅमेऱ्याची डेन्सिटी होते आणि शाईच्या जाडीशी तिचं नातं बरंच सरळ राहतं. कागदाचे एल-ए-बी तीन. हवं असल्यास प्रीप्रेसच्या (छपाईपूर्व तयारीच्या) फाइलमधले त्या जागेचे सायन, मॅजेंटा, पिवळा, काळ्याचे टक्के, म्हणजे आणखी चार. एकूण ११. मग ३२ आणि १६ नोडचे दोन थर आणि शेवटी ३ आउटपुट. वजनं ९६३ होतात. यासाठी ग्राफिक कार्ड लागत नाही, कन्सोलशेजारचा साधा संगणक पुरतो. फोटोंसाठीची तयार मोठी कन्व्होल्यूशन नेटवर्क इथे निरुपयोगी, किंबहुना घातक. वस्तू ओळखायला शिकताना त्यांना उजेड आणि छटेतल्या फरकाकडे दुर्लक्ष करायलाच शिकवलेलं असतं, आणि आपला सगळा व्यवहार त्या फरकाचाच आहे.

फाइलमधले टक्के इनपुट म्हणून देण्यात एक सापळा आहे. चांगल्या शीटच जास्त दाखवल्या, तर नेटवर्क कॅमेऱ्याकडे न बघता फाइलवरून उत्तर देऊ लागतं: ‘इथे ५० टक्के सायन आहे, म्हणजे रंग अमुक.’ चाचणीत चूक अगदी कमी दिसते आणि मशीनवर प्रत्येक शीट पास होते. तपासणी सोपी आहे. फाइलचे टक्के तेच ठेवून कॅमेऱ्याचे आकडे ०.१० डेन्सिटीने हलवा. उत्तरातला एल-ए-बी त्या प्रमाणात हलला नाही, तर नेटवर्क झोपलेलं आहे. उताराच्या मांडण्या वर सांगितल्या त्या यासाठीच.

शिकवताना चूक मोजायला आधी एल-ए-बीमधल्या फरकाचा साधा वर्ग वापरा आणि शेवटी हवं तर डेल्टा ई २००० या नव्या सूत्रावर या. त्या सूत्रात ह्यूच्या (रंगछटेच्या कोनाच्या) सरासरीच्या जागी तुटकपणा आहे. करड्याजवळच्या रंगांत त्यामुळे शिकणं अडखळतं आणि ग्रे बॅलन्स (करड्याचा तोल) तर आपल्याला सगळ्यात नीट हवा असतो.

शेजारी एक साधं दुसऱ्या घाताचं बहुपदी समीकरण बसवून ठेवा. नेटवर्क त्याच्यापेक्षा स्पष्ट सरस ठरत नसेल, तर समीकरणच वापरा. त्यात बिघडण्यासारखं कमी असतं. एकाच कागदावर आणि एकाच शायांवर काम चालत असेल, तर बहुतेक वेळा समीकरणच पुरतं. नेटवर्कचा फायदा कागद बदलत राहिले की दिसतो.

चाचणीसाठीचा डेटा बाजूला काढताना शीट किंवा चौकोन चिठ्ठ्या टाकून निवडू नका. लागोपाठच्या तीन शीट जवळजवळ सारख्याच असतात. दोन शिकवायला आणि एक चाचणीला गेली, म्हणजे पेपर आधीच फुटला. पूर्ण जॉब बाजूला ठेवा, शक्य तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या शाईच्या डब्यातून छापलेला. निकाल बघताना नुसती सरासरी नको. शंभरातल्या ९५ व्या वाचनाची चूक बघा आणि गडद रंग, करडे रंग, त्वचेचे रंग यांचे आकडे वेगळे मांडा. दोन चांगली स्पेक्ट्रो यंत्रंसुद्धा एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. त्यामुळे ०.२ डेल्टा ईचा दावा कुणी केला तर चाचणी कशी घेतली ते आधी विचारा. आणि ९५ व्या वाचनाची चूक २ येत असेल, तर ग्राहकाच्या २ च्या मर्यादेवर त्या कॅमेऱ्याने निर्णय देऊ नये. त्याने इशारा द्यावा आणि मशीनमनने स्पेक्ट्रोने पडताळावं.

अलार्म

३२ झोन आणि ४ रंग म्हणजे एका शीटवर १२८ तुलना. एका तुलनेत खोटा अलार्म हजारात एकदाच वाजतो असं धरलं, तरी साधारण १२ टक्के शीटवर कुठेतरी काहीतरी वाजणार. दुसऱ्या दिवशी मशीनमन बझरची वायर काढून ठेवेल, आणि त्याचं बरोबरच असेल. एका शीटवर अलार्म देऊ नका. त्याच झोनमध्ये, त्याच रंगात, त्याच दिशेने शेवटच्या १० पैकी ७-८ शीट बाहेर गेल्या तरच द्या. रंगाचं सरकणं हळू असतं, त्यामुळे १० शीट थांबण्याने काही बिघडत नाही. जे अचानक होतं, हिकी (कचऱ्याच्या कणामुळे उमटणारा ठिपका) किंवा पाण्याचा थेंब, ते वेगळ्या पद्धतीने पकडायचं. ओके शीटशी थेट पिक्सेल तुलना त्यासाठी पुरते.

इंक कीचा अंदाज: इथून सुरू करा

दुसऱ्या कामाला कॅमेरा लागत नाही. सीआयपी३ची फाइल प्रत्येक झोनमधलं प्रत्येक रंगाचं कव्हरेज सांगते. मशीन त्यावरून की उघडते, पण जी ठरावीक वक्ररेषा ती वापरते ती बऱ्याचदा सगळ्या कागदांना आणि शायांना एकच असते. ओके शीट मिळाल्यावर मशीनमनने की शेवटी कुठे ठेवल्या, हा खरा धडा. तो बऱ्याच कन्सोलवर साठवता येतो, पण कुणी वाचत नाही. प्रत्येक जॉबमधून १२८ ओळी मिळतात: त्या झोनचं कव्हरेज, दोन्ही शेजारी झोनचं कव्हरेज, कागद, शाईचा प्रकार, डक्ट रोलरचा स्वीप (शाईच्या टाकीतला रोलर किती फिरतो ते), वेग आणि कीची अंतिम जागा. शेजारी झोन विसरू नका. मोठ्या सॉलिडच्या बाजूचा कोरा झोन व्हायब्रेटरमुळे फुकटची शाई खातो आणि नेमका तिथेच प्रीसेट (कीची आधी ठरवलेली जागा) चुकतो. दोनेकशे जॉब जमले की छोटं नेटवर्क किंवा निर्णय-वृक्षांची (हो-नाही प्रश्नांच्या फांद्यांची) पद्धत दोन्ही चालतात. तक्त्याच्या डेटावर वृक्षवाली पद्धत बहुधा मागे पडत नाही. एक अट मात्र आहे: ओके शीटच्या क्षणीच नोंद घ्या. रनच्या शेवटी कीची जागा घेतली, तर मधल्या सगळ्या भरपाया त्यात मिसळतात.

चालू रनमध्ये रंग आपोआप दुरुस्त करायचा असेल, तर आधी विलंब समजून घ्या. की उघडल्यावर जादा शाईला वीसेक रोलरांतून वाट काढत कागदापर्यंत यावं लागतं, आणि तिथली फिल्म जेमतेम १ मायक्रॉनची असते. कव्हरेज भरपूर असेल तर परिणाम लवकर दिसतो. ५ टक्के कव्हरेजच्या झोनमध्ये शाई फारच कमी उचलली जाते, त्यामुळे शेकडो शीट जाऊ शकतात. हे न धरता दर वाचनाला की हलवली, की रंग वर-खाली झोके घेत राहतो. नवखा मशीनमन हेच करतो, आणि सैल लावलेलं नेटवर्कही. शेवटच्या १०-१० शीटच्या सरासऱ्या, कीच्या आधीच्या हालचाली, झोनचं कव्हरेज आणि मधल्या थांब्यांची वेळ इनपुटला द्या. ५०, १०० आणि २०० शीटनंतरची डेन्सिटी आउटपुटला घ्या. दुरुस्तीवर कडक मर्यादा घाला: एका वेळी कीच्या रेंजच्या ३ ते ५ टक्क्यांहून जास्त नाही, आणि आधीच्या दुरुस्तीचा परिणाम दिसेपर्यंत दुसरी नाही. पहिले काही महिने नेटवर्कने फक्त सुचवावं, बटण मशीनमनने दाबावं.

कारण सुचवणं

डेन्सिटी बरोबर आहे पण डेल्टा ई बाहेर, म्हणजे की फिरवून उपयोग नाही. शाई दूषित झाली असेल (पिवळ्या युनिटमध्ये मॅजेंटा परत येणं नेहमीचं), कागदाची छटा बदलली असेल, किंवा शाईच वेगळी. सॉलिड बरोबर पण ५० टक्क्यांचा डॉट फुगला, तर ब्लँकेटचं (कागदावर शाई उतरवणाऱ्या रबरी चादरीचं) पॅकिंग, पाणी किंवा वाढलेलं तापमान. डॉट एकाच दिशेने फुगला तर स्लर (छापताना घसरणं). एकेरी रंग ठीक पण लाल-हिरवा-निळा कमजोर, म्हणजे ट्रॅपिंग (एका शाईवर दुसरी नीट न बसणं), शायांच्या चिकटपणाचा क्रम. अनुभवी मशीनमनच्या डोक्यात हा तक्ता असतोच. आधी तो नियमांच्या रूपात लिहून काढा. नेटवर्क त्याच्यावर चढवायचं ते फक्त सीमेवरच्या केसेससाठी. अशा बिघाडांची उदाहरणं थोडी मिळतात, आणि जी मिळतात त्यांवरचं लेबलही शिफ्टगणिक बदलतं. एकाला जे स्कमिंग (कोऱ्या जागी शाई लागणं), ते दुसऱ्याला ‘पाणी कमी’.

इथे पावसाळ्याचा वेगळा उल्लेख करायलाच हवा. मुंबई, कोकण, गोवा इथल्या प्रेसमध्ये जानेवारीत जमवलेल्या डेटावर शिकलेलं मॉडेल जुलैत अडखळतं. दमट हवेत कागद ओलावा धरतो, शाई उशिरा वाळते आणि शाई-पाण्याचा तोल बदलतो. बोअरच्या कडक पाण्याने फाउंटनची (प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्याची) कंडक्टिव्हिटी वर जाते आणि पीएच ४.८ ते ५.३ च्या बाहेर सरकतो. खोलीचं तापमान आणि आर्द्रता, फाउंटनचं तापमान, पीएच, कंडक्टिव्हिटी या पाच आकड्यांची शिफ्टमधून दोनदा नोंद घ्या आणि तीही इनपुटला जोडा. महागडा कॅमेरा बसवून फाउंटनचा पीएच न मोजणारी प्रेस असेल, तर कॅमेऱ्याचे पैसे आधी पाणी शुद्ध करण्यावर घालावेत.

बसवल्यानंतर

नेटवर्कला ‘हे मी पाहिलेलं नाही’ असं आपणहून म्हणता येत नाही. नव्या कागदावरही ते तेवढ्याच आत्मविश्वासाने उत्तर देतं. दोन उपाय स्वस्त आहेत. एकाच डेटावर वेगवेगळ्या सुरुवातीने पाच नेटवर्क शिकवा आणि त्यांची उत्तरं एकमेकांपासून १ डेल्टा ईहून जास्त फाकली, तर तो चौकोन ‘स्पेक्ट्रोने मोजा’ म्हणून दाखवा. शिवाय इनपुट शिकवलेल्या रेंजबाहेर गेला की उत्तर देऊच नका. कागद किंवा शाई बदलली की उताराची एक मांडणी छापून फक्त शेवटचा थर पुन्हा शिकवणं बहुधा पुरतं.

स्पेक्ट्रोची पांढरी टाइल स्वच्छ ठेवणं आणि त्याचं वेळच्या वेळी कॅलिब्रेशन, याला पर्याय नाही. नेटवर्क त्याच्याकडूनच शिकलंय, त्यामुळे यंत्र तिरकं बोललं तर नेटवर्कही तिरकंच बोलणार. चांगल्या वाळलेल्या टेस्ट शीटच्या २०-३० पट्ट्या कापून काळ्या पाकिटात, कपाटात ठेवा. दर सोमवारी मशीन सुरू होण्याआधी त्यातली एक कॅमेऱ्याखाली ठेवून वाचा आणि आकडा वहीत लिहा. त्याच पट्टीचा आकडा आठवड्यागणिक एकाच दिशेने सरकत असेल तर एलईडी उतरत चालली आहे, किंवा भिंगावर स्प्रे पावडरचा थर बसला आहे. आधी भिंग पुसा.